खडे

त्या बाईला मी गोंदियातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात एकदाच पाहिलं. सौंदडहून ती मांडीवर बादली घेऊन बसनं आली होती. बादलीत ॲक्सोलॉटल होता, पाण्यात राहणारा, चार पायांचा, पांढराफटक. शिकायला नागपूरला गेलेल्या लेकीनं तो आईवर सोपवला होता.

त्याचं फुगलेलं पोट पाहून दुकानदार म्हणाला, "काकी, इसने कंकर निगल लिये. टाकीत खडे कोणी टाकले?"

"मीच. नुसती काच भकास दिसे, म्हणून नहरातले धुऊन टाकले."

मग बादलीवर पदर धरत ती हळूच बोलली, "जनमभर तांदळातले खडे येचले जी. याच्या तोंडापुढं माह्याच हातानं टाकले."

जेवताना दाताखाली खडा आला की मी घरात ओरडायचो. त्या दिवसापासून तो मुकाट्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवतो.