सख्खी आत्या

कॅन्सरच्या पेशंटांच्या घराण्यांची झाडं काढणं ही माझी नोकरी. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, ज्याला कॅन्सर झाला तो काळा करायचा. रक्ताच्या नळ्या पुढं मुंबईला जायच्या आणि दुखणं घराण्यात उतरतंय का, ते तिथं तपासायचे.

आमच्या कोल्हापुरात सून सासूला आत्या म्हणते. पुण्याहून आलेली शिकाऊ मंडळी इथं हमखास फसायची, सासूला बापाची बहीण समजून रक्ताच्या नात्यात बसवायची. मी मात्र बाईला पहिल्यांदा विचारायचे, "सख्खी आत्या का सासू?" या प्रश्नाचा मला फार तोरा होता.

दोन हजार सालानंतर आईच्याच छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, उजवीकडची छाती काढली. तिला काळजी गाठीची नव्हतीच. हातकणंगल्याच्या मामाची मुलगी माझ्या भावाला करून घ्यायची, एवढंच डोक्यात. टाके सुकले की सुपारी फोडायला जायचं ठरलं होतं.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुमच्या घराचंही झाड काढा. मी काढलं. वडिलांची आई माझ्या जन्माआधीच छातीच्या गाठीनं गेलेली, तिचा गोल काळा केला. आईचाही केला. सासू आणि सून, रक्ताचा संबंध नाही, तेव्हा योगायोग. आपल्याच घरचं काय विचारायचं म्हणून आईला काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिला पेज भरवताना सहज म्हणाले, "सासूसुनंला एकच दुखणं आलं बघ."

"नुसती सासू कसली? सख्खी आत्या माझी," आई म्हणाली. "माझ्या बाची थोरली भन. तिच्याच घरात दिलती मला. ठावं न्हाय व्हय तुला?"

ठावं नव्हतं. आमच्यात सगळेच सगळ्यांचे पावणे, कोण उकलून सांगतंय! मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. उरलेली पेज भरवली आणि वाटी विसळून ठेवली.

नात्यातल्या लग्नाला झाडात दोन रेघा मारतात. दुसऱ्या दिवशी आईवडिलांमधल्या रेघेशेजारी दुसरी मारली. आता दुखणं दोन्हीकडून खाली उतरू शकत होतं, भावाकडं आणि माझ्याकडं. मामाच्या मुलीकडंही येऊ शकत होतं. माझा गोल अजून रिकामा होता. तो कुणा परक्या पेशंटचा असावा तसा मी बघितला आणि कटवडा मागवून सगळा खाल्ला.

आईच्या रक्ताची नळीही मुंबईला गेली; तिची किमो सुरू झाली आणि सुपारी लांबली. काही महिन्यांनी रक्ताचं उत्तर आलं. दोष निघाला. मॅडम म्हणाल्या, मामांकडच्यांचं आणि तुम्हा भावंडांचं रक्त तपासल्याशिवाय लग्नाचं बोलू नका. मामांनी साफ नकार दिला. धडधाकट पोरीचं रक्त कशाला काढायचं, म्हणाले.

मग आईला सांगणं माझ्यावर आलं. तिचा उजवा हात अजून वर जात नव्हता, म्हणून अंघोळ मीच घालायचे. न्हाणीतच सांगितलं, "मामाची पोरगी नको आई. रक्त एकच हाय. पोरांना दोन्हीकडनं यील."

ती पाटावर पाठमोरी बसली होती.

"आपल्या रक्ताची म्हणून तर मागत हुतो की तिला," ती म्हणाली. "परकी पोरगी माझं असलं आंग धुईल व्हय?"

मी तिच्या पाठीवर पाणी घालत राहिले.