चाळीस ते सत्तेचाळीस

शाळेत गणिताच्या बाई एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगत. "पोरींनो, फलनाचा, म्हणजे फंक्शनचा, तुकडा लिहिला की पुढे महिरपी कंसात त्याची हद्द लिहा. जिथे कुठलीच हद्द पोहोचत नाही, तिथे आलेखाचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर रेघच काढत नाही. तिथे फलन नसतंच!"

आता घरी, जेवणाच्या टेबलावर, त्याच कॅल्क्युलेटरमध्ये बाईंनी आपल्या बाबांची संध्याकाळची फेरी मांडली होती. बाबा विसराळू झालेले. मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला त्यांचं घरापासूनचं अंतर पाठवी. आडवी मिनिटं, उभे मीटर. पहिला तुकडा चढता: वीस मिनिटांत बागेतला बाक, सहाशे मीटर. दुसरा सपाट: चाळिसाव्या मिनिटापर्यंत नुसतं बसणं. तिसरा उतरता, घराकडे. पण तो सुरू होई सत्तेचाळिसाव्या मिनिटाला. मधे कोरं; त्या सात मिनिटांत घड्याळ काहीच पाठवत नसे. रोज.

"आपले बाबा सात मिनिटं गुप्त होतात आणि तू आलेख काढत बसतेस?" फोनवर दादा कडाडला.

"घड्याळ अडकत असेल रे."

"उद्याचा आलेख पाठव. परत भोक दिसलं, तर दाराला कुलूप."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली. त्या रात्रीच चौथ्या तुकड्याची ओळ लिहून ठेवली: अंतर सहाशे, चाळीस ते सत्तेचाळीस. रेषा टपकन जुळली.

दुसऱ्या दिवशी बाबा परतले ते तोंड पाडून. बूटही काढेनात.

"काय झालं, बाबा?"

"आज बाकावरून उठताच येईना. खिळे ठोकून बसवल्यासारखं. तुझी आई समोर उभी, 'अहो, या ना' म्हणतेय, आणि मी आपला सात मिनिटं तिथेच!"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

बाईंनी घड्याळाचे आकडे उघडले. एक्केचाळीस: सहाशे. बेचाळीस: सहाशे. एकही मिनिट गाळलेलं नव्हतं. लबाडीची गरजच उरली नव्हती.

पुढच्या संध्याकाळी बाबा उंबऱ्याशी नाडी बांधत म्हणाले, "मास्तरीणबाई, तेवढं उघडा की."

दार तर सताड उघडं होतं.

बाईंनी विचारलं, "परत याल ना?"

"तिसरी ओळ आहे ना? तिला हात लावू नका म्हणजे झालं."

बाबांनी तो आलेख कधी पाहिलाच नव्हता.

ते जिना उतरले. बाईंनी चौथी ओळ खोडली. दादाचा फोन वाजत राहिला. बाई घराकडे उतरणाऱ्या तिसऱ्या ओळीवर डोळे रोवून मिनिटं मोजत होत्या.