शार्दूलचं ठरलं

दत्तात्रयकाका गेले. सकाळी कामाला निघाले होते, ट्रामच्या थांब्यावर हृदय बंद पडलं. मला अजून खरं वाटत नाही.

मी त्यांच्या मुलाचा, शार्दूलचा मित्र. पुण्यात मराठी घेऊन एम.ए. केलं आणि इकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला भावाकडे आलो. काका मला साहित्यिक म्हणत. "साहित्यिक, ते मीठ सरकवा. गद्यात सांगतोय, चालेल ना?"

ते मूळचे सांगलीचे. वोल्फ्सबुर्गजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करायचे. 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. येतो म्हणाले की येत. यायचं नसलं तर तसं सांगत. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या नागेशने मंडळाच्या नाटकात काम कराल का म्हणून विचारलं. "नाही. मला कंटाळा येईल," काका म्हणाले. नागेश अजून ते सगळ्यांना सांगतो.

शार्दूल इथेच जन्मला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. अंगाने दणकट. शाळेत असतानाच तो अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात जाऊ लागला. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि लांबट चेंडू. शार्दूलच्या हाती तो चेंडू क्वचितच यायचा. फेकणाऱ्याच्या पुढे भिंतीसारखं उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, हे त्याचं काम. "म्हणजे ब्रेकच की," काका म्हणाले. मग ते एकही सामना चुकवीनात.

शाळा संपल्यावर तो अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एका ज्युनियर कॉलेजात गेला. सांगलीहून काकांच्या बहिणीचा, अहिल्याआत्यांचा फोन आला. "सुधा, शार्दूल अजून अकरावीतच? नापास झाला का गं?"

सुधाकाकू हसून हसून दमल्या. मग समजावत बसल्या. तिथे ज्युनियर कॉलेज म्हणजे शाळेनंतरची दोन वर्षं. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक तिथे येऊन खेळाडू हेरतात. निवडलं तर फी माफ आणि पुढची दोन वर्षं मोठ्या मैदानावर. नाही निवडलं तर बहुतेकांचा खेळ तिथेच संपतो.

"म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच म्हण ना," आत्या म्हणाल्या.

आत्यांनी थट्टा केली होती. काकांना मात्र ते पटलं.

२००५ च्या जानेवारीत शार्दूल सुट्टीवर घरी होता. दोन विद्यापीठं त्याच्या मागे होती. एक लहान. तिथला प्रशिक्षक त्याचे सामने पहिल्या वर्षापासून बघत होता. दुसरं फार मोठं, ज्याचे सामने टीव्हीवर दिसतात. त्या मोठ्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवत होतो. स्पीकर लावलेला होता. प्रशिक्षक म्हणाला, तुमच्या मुलासाठी आमच्याकडे जागा आहे, सर.

"हा तुमचा शब्द समजू?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"माझा शब्द, सर."

फोन ठेवल्यावर काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. काका म्हणाले, "ठरलं. आता त्या दुसऱ्यांना कळवून टाक."

शार्दूल जर्मनमध्ये म्हणाला, "बाबा, फेब्रुवारीत करारावर सही होईपर्यंत काही ठरत नाही. तिथे सगळे दोन्हीकडे हो म्हणून ठेवतात."

"ठेवू देत. बोलणी झाल्यावर दुसरं स्थळ ताटकळत ठेवायचं नाही. त्यांना दुसरा मुलगा बघायला नको?"

"अहो, लग्न आहे का हे?" काकू म्हणाल्या.

"शब्द आहे," काका म्हणाले.

शार्दूलने फोन केला. लहान विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने आभार मानले. इतकं आधी सांगणारा मुलगा मला अजून भेटला नव्हता, असंही म्हणाला. काका खूश झाले.

सहीच्या आदल्या दिवशी शार्दूल कॅन्ससमध्ये होता. मोठ्या विद्यापीठाचा फोन आला. आणखी एक मुलगा मिळाला होता, शार्दूलपेक्षा उंच. जागा त्याला दिली. हवं तर तू स्वतःच्या खर्चाने ये आणि सरावात उभा राहा, असं सांगितलं. तो खर्च काकांच्या आवाक्यातला नव्हता.

शार्दूलने घरी कळवलं. काकांनी त्या प्रशिक्षकाला फोन लावला. आवाज चढवला नाही. "पण तुम्ही शब्द दिला होता," म्हणाले. उत्तर आलं, सही झाली नव्हती, सर. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

मग त्यांनी लहान विद्यापीठाला फोन केला. "चूक माझी आहे. मुलगा नको म्हणत होता, मी करायला लावलं." तो प्रशिक्षक भला माणूस. पण त्याची जागा भरली होती. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्याने दुसरा मुलगा बघितला होता.

शार्दूल परत आला. आता तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. क्लबातले मित्र बोलवायला आले, तर बाहेर आला नाही. काका मात्र रविवारी मैदानावर जात राहिले. एकटेच. कुणी शार्दूलबद्दल विचारलं तर म्हणत, "माझ्यामुळे थांबला."

या वर्षी इस्टरच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वरण वाढून घेता घेता काकांनी विचारलं, "शार्दूल, तेव्हा तू माझं ऐकलं नसतंस तर?"

शार्दूलने मान वर केली नाही. "तर खेळत असतो," जर्मनमध्ये म्हणाला.

"गेनाऊ," काका म्हणाले. बरोबर आहे. घेतलेलं वरण त्यांनी संपवलं, ताट उचललं, धुऊन ठेवलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मंगळवारी अंत्यसंस्कार झाले. काकू आत लोकांशी बोलत होत्या. मी आणि शार्दूल बाहेर गाड्यांपाशी उभे होतो.  तो म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं."

मला वाटलं, त्या लहान विद्यापीठाचं म्हणतोय. म्हटलं, "तुला काकांनीच फोन करायला लावला होता रे."

"ते नाही," तो म्हणाला. "जेवताना."