गोत्राबाहेरचं रक्त

विश्वेश गुरुजी परक्या घरचं पाणी पीत नसत, काशीच्या घाटाच्या पायऱ्या चप्पल काखेत घेऊन उतरत आणि यजमान चुकला की हिंदीत रागावत.

१९९६ साली त्यांच्या शेजारच्या मालविकाच्या पोटातलं बाळ फिकं पडत चाललं. आईचंच शरीर त्याच्या रक्तपेशी मोडत होतं. त्याला पोटातच रक्त द्यायचं ठरलं. नवरा गोपीनाथ बाही सारून पुढे झाला.

"आमच्याच गोत्राचं हवं," सासूबाई म्हणाल्या.

"बाळाने बापाचा रक्तगट घेतलाय, आणि आईच्या शरीराचं भांडण त्याच्याशीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त आईशी जुळायला हवं."

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं रक्त तपासलं, त्यात गुरुजींचं ओ निगेटिव्ह मालविकाशी जुळलं. सासूबाईंनी त्यांचं गोत्र विचारलं.

"भारद्वाज. पण तिथे कुणी विचारलं नाही, नुसतं टोचलं."

ताजं रक्त लगेच हवं, असा दवाखान्यातून निरोप आला तेव्हा गुरुजी संकठा घाटावर श्राद्ध सांगत होते. ते उठले.

"गुरुजी, आमचे पितर?" यजमानाने विचारलं.

"ते थांबतील. बाळ थांबणार नाही."

यजमान ओंजळीत पाणी धरून बसला होता. ते कधी सोडायचं, हे सांगायचं राहूनच गेलं.