कार्बाइनला वाहिलेल्या अक्षता

माझ्या बंदुकीपासून दोन मीटरांच्या आत सासूबाईंनी यायचं नाही, असा नियम मी केला होता आणि ते अंतर टेपनं मोजून दिवाणखान्याच्या जमिनीवर पिवळी चिकटपट्टीही लावली होती.

यात सासूबाईंबद्दल मनात काही नव्हतं. त्या पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, माझ्यासाठी डाळिंब्यांची उसळ करत होत्या (सोललेले वाल बॅगेतून आणून!) आणि एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'सुहासराव' सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. पण जर्मनीतला कायदा असा, की परवाना ज्याच्याकडे, बंदुकीला हात फक्त त्याचा. हा कायदा मी कलमासकट पाठ केला होता. नेकारसुल्मजवळच्या गावातल्या नेमबाजी क्लबात वर्षभर सभासद राहून, परीक्षा देऊन, पोलिसांकडून चारित्र्य तपासून घेऊन मला ते परवान्याचं कार्ड मिळालं होतं. कार्डाचं नाव वाफेनबेझिट्सकार्टे. कार्ड नावापेक्षा आखूड होतं.

बंदूक म्हणजे कार्बाइन. पिस्तुलाचीच गोळी, पण लांब नळी, लाकडी दस्ता आणि प्रत्येक गोळीनंतर खाली ओढायची लोखंडी कडी. काऊबॉय घोड्यावर बसून जी चालवतात ती. घोड्याऐवजी माझ्याकडे जुनी स्टेशनवॅगन होती. कायद्याप्रमाणे बंदुकीसाठी पोलादी तिजोरी घ्यावी लागली. ती घरात आली तेव्हा माझी बायको मेधा म्हणाली, "माझे दागिने बिस्किटांच्या डब्यात आणि तुझी बंदूक तिजोरीत."

ती कार्बाइन मला जुळवून द्यायचं काम क्लबचे हेर एकार्ट (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत) यांनी अंगावर घेतलं. सत्तरीचे, निवृत्त सुतार, क्लबच्या संघाचे कप्तान. बंदुकीचा दस्ता जर्मन हातांच्या मापाचा. मी पाच फूट चार इंच. खांद्याला लावली की माझी मान बदकासारखी पुढे जायची. हेर एकार्टनी माझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेतलं, परत घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि मग दस्ता कापून त्याला मागे रबराची गादी लावली. नेम धरायला नळीच्या टोकावर जी माशी असते तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. राहिली नेमाची मागची खाच. ती एका पोलादी पट्टीवर असते आणि पट्टीखाली पायऱ्या पायऱ्यांची चपटी पाचर असते. पाचर एक पायरी सरकवली की पट्टी वर-खाली होते आणि पन्नास मीटरवर गोळीही त्याप्रमाणे वर-खाली लागते.

इथून पुढे सूत्रं मी हातात घेतली. कारण मी गाड्यांच्या कारखान्यात मोजमाप विभागात! दरवाजा आणि चौकट यांच्यातली फट मी दशांश मिलिमीटरमध्ये मोजायचो आणि ती जास्त निघाली तर माणसांच्या सुट्ट्या रद्द व्हायच्या. मी पट्टीची उंची डिजिटल कॅलिपरनं मोजली, प्रत्येक पायरीला पाच-पाच गोळ्या झाडून एक्सेलमध्ये तक्ता केला, आलेख काढला आणि तो प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला. हेर एकार्टनी तक्ता दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आम्ही तिसऱ्या पायरीवर ठेवतो." माझंही उत्तर तिसरी पायरीच आलं होतं, पण माझ्याकडे आलेख होता.

तीन महिन्यांच्या या खटपटीला ऑक्टोबरात फळ आलं. संघातल्या चौथ्या गड्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली आणि हेर एकार्टनी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी त्याच्या जागी माझं नाव टाकलं. रविवारी चांगले गुण मिळवले तर जागा कायमची माझी. क्लबातल्या दोघातिघांनी नाकं मुरडली होती, हे मला माहीत होतं. हेर एकार्टनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, हेही माहीत होतं. त्या चौथ्या जागेसाठी मी जितका आसुसलो होतो तितका नोकरीतल्या बढतीसाठीही कधी आसुसलो नव्हतो. सात वर्षं या गावात राहून पहिल्यांदाच कोणीतरी मला आपल्या यादीत लिहिलं होतं.

आणि आदल्या दिवशी दसरा. (जर्मनीत आपले सगळे सण शनिवारी येतात.)

सासूबाईंनी सकाळीच विचारलं, "सुहासराव, घरात खरंखुरं शस्त्र आहे आणि आपण पाटावर काय ठेवणार? मेधाचा मिक्सर?" मला ते एकदम पटलं. आमच्या घरी दरवर्षी स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप यांवर भागत आलं होतं. पण कायदा आडवा आला. मी हेर एकार्टना फोन लावला. सासूबाई हात लावणार नाहीत, फक्त पूजा करणार, तर चालेल का?

"हात लावणार नाहीत, मग काय करणार?"

"तांदूळ टाकणार."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं तर, बंदूक रिकामी, आणि तुम्ही शेजारी. मग टाकण्याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही."

म्हणून ती चिकटपट्टी. पाटावर रिकामी कार्बाइन, एका बाजूला सोवळ्याऐवजी झब्बा घातलेला परवानाधारक, आणि दोन मीटरांवर हातात तबक घेऊन, चष्मा सावरत उभ्या सासूबाई. गंध-फुलं माझ्या हातून. हळद-कुंकू माझ्या हातून. दस्त्यावर कुंकवाचं बोट मी ओढलं, ते त्यांच्या देखरेखीखाली, "थोडं डावीकडे, हं, पुरे" अशा सूचनांवर. अक्षता मात्र त्यांनी लांबूनच टाकल्या. मग मीही वाहिल्या. आपट्याची पानं मिळेनात म्हणून कोपऱ्यावरच्या लिंडेनच्या झाडाची वाहिली. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर मेधानं फोटो काढले. पूजा केलेली वस्तू त्या दिवशी हलवायची नाही, पुसायची नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. बंदूक तिजोरीबाहेर ठेवायची नाही, असं सरकारचं. मी मधला मार्ग काढला. फुलं बाजूला केली आणि कार्बाइन न पुसता, कुंकवासकट तिजोरीत ठेवून दिली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सासूबाई साडीवर मेधाचं जाड जाकीट घालून, सोबत शंकरपाळ्यांचा डबा. बघणाऱ्यांसाठी काचेमागे खुर्च्या होत्या. तिथल्या नियमाप्रमाणे त्यांनाही कानांवर लावायला मोठे मफ दिले. ते त्यांनी पदरावरून घातले आणि अगदी निश्चल बसून राहिल्या.

सरावाच्या पाच गोळ्या मी झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर लक्ष्याचा कागद कोरा करकरीत. पाचही गोळ्या कागदाच्या वरच्या लाकडी चौकटीत. मी मढवलेला तक्ता काढला. तक्त्याप्रमाणे हे अशक्य होतं. मी पाचर एक पायरी उतरवली.

पहिली फेरी, पाच गोळ्या, जास्तीत जास्त गुण पन्नास. मला मिळाले अकरा. अजूनही वर. मी आणखी एक पायरी उतरवली. आता दुसऱ्या फेरीतली पहिली गोळी बरोबर मध्यावर लागली आणि मी मनात विज्ञानाचा जयजयकार केला. दुसरी थोडी खाली. तिसरी त्याहून खाली. चौथी लक्ष्याच्या पायाशी. मी घाईघाईनं पाचर वर चढवली, तर पाचवी त्याहूनही खाली! बंदूक जणू रोज नवी मोजपट्टी लावणाऱ्या कंत्राटदारासारखी वागत होती. दुसऱ्या फेरीचे गुण सतरा. नाकं मुरडणारे दोघंतिघं मागे उभे होते, आणि त्यांनी आता नाकं मुरडणंही सोडलं होतं. ते माझ्याकडे दयेनं बघत होते, आणि ते जास्त लागलं.

तेव्हा हेर एकार्ट आले. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी ती टेबलावर ठेवली, चष्मा बदलला, खिशातून चिमटा काढला (यांच्या खिशात काय नसतं!) आणि मागच्या पट्टीखालून अलगद काहीतरी बाहेर काढून तळहातावर घेतलं. लालसर, चुरलेला, अर्ध्याहून कमी उरलेला एक कण.

"तांदूळ," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. अक्षतेचा दाणा पट्टी आणि नळीच्या मधे जाऊन बसला होता. त्यानं पट्टी उचलून धरली होती, म्हणून गोळ्या वर. मग प्रत्येक धक्क्यानं दाणा थोडा थोडा चुरत गेला आणि पट्टी थोडी थोडी बसत गेली, म्हणून गोळ्या खाली. आणि मी, मोजमाप विभागातला ज्येष्ठ अभियंता, एका चुरत चाललेल्या दाण्याच्या मागे मागे पाचर सरकवत होतो.

मी वळून काचेमागे पाहिलं. माझी नजर कशी होती ते मला सांगता येणार नाही, पण सासूबाईंनी मान खाली घातली एवढं दिसलं. मग हेर एकार्टनी पाचर तिसऱ्या पायरीवर आणली आणि तक्ता माझ्या हातातून काढून आपल्या खिशात ठेवला. तिसऱ्या फेरीत मला शेहेचाळीस गुण मिळाले. त्या दिवशी आमच्या संघात त्या फेरीला याहून जास्त कोणाला मिळाले नाहीत. पण अकरा आणि सतरा पुसले जात नव्हते. संघ खाली घसरला, आणि चौथी जागा हातची गेली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नंतर क्लबच्या उपाहारगृहात सगळे जमले. तांदूळ कुठून आला, असं कोणीतरी विचारलंच. मी उदारपणाचा आव आणून सांगायला लागलो, की आमच्याकडे थोरली माणसं भाविक असतात, त्यांना लांबून टाकायला सांगितलं होतं, पण वयामुळे नेम... इथपर्यंत आलो आणि मेधानं कॅमेरा टेबलावर सरकवला.

पहिला फोटो. सासूबाईंच्या हातून सुटलेले तीन दाणे, तिन्ही पाटाच्या अलीकडे जमिनीवर. दुसरा फोटो. झब्ब्यातला परवानाधारक, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, आणि लग्नात वऱ्हाडी फेकतात तशी अख्खी मूठ बरोबर बंदुकीच्या मागच्या पट्टीवर रिकामी करतोय.

हेर एकार्टनी दोन्ही फोटो पाहिले. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी अचूक', असं ते म्हणाले, आणि बिअरचा घोट घेतला.

सासूबाईंनी मात्र फोटो पाहिलाच नाही. त्या मला हळूच म्हणाल्या, "सुहासराव, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. मी उगीच हट्ट धरला." दोन तास त्या काचेमागे हाच विचार करत बसल्या होत्या! मला इतकी शरम वाटली की हातातला शंकरपाळा मी डब्यात परत ठेवला. मी सगळ्यांसमोर मराठीत म्हणालो, "आई, चूक माझी होती. दाणा माझा, न पुसता आणली ती मी, आणि तुमच्याकडे तसं बघितलं तेही मीच. माफ करा." मग तेच जर्मनमध्ये सांगितलं, कारण अर्ध्या गावानं ते बघितलं होतं.

हेर एकार्टनी विचारलं, त्या पूजेत बंदुकीला सांगतात तरी काय? सासूबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "वर्षभर साथ दिलीस म्हणून आभार मानायचे. आणि कुणाच्या वाईटासाठी उचलली जाऊ नकोस, म्हणायचं." मी भाषांतर केलं. मग हेर एकार्ट म्हणाले, की आमच्या उत्सवात पाद्री येऊन झेंड्याला आशीर्वाद देतो, पण पन्नास वर्षांत माझ्या बंदुकीचे आभार मी एकदाही मानले नाहीत. पुढच्या वर्षी या बाई येतील का? सगळ्यांच्याच बंदुकांसाठी?

ते नुसतं बोलणं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र क्लबनंच लिहिलं. मी लिहायचो त्याहून ते किती तरी चांगलं होतं, आणि या वेळी व्हिसाच्या खिडकीवर कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

सप्टेंबरात नव्या हंगामाची यादी फळ्यावर लागली. सर्वांत वर, वेगळ्या चौकटीत, सासूबाईंचं पूर्ण नाव, अगदी बरोबर लिहिलेलं. खाली संघाचे चौघं, त्यात जुना गडी नव्या गुडघ्यासह. मी शेवटपर्यंत वाचत गेलो आणि सापडलो एकदाचा. राखीव नेमबाज म्हणून मला घेतलं होतं. त्याच ओळीत पुढे, दसऱ्याच्या पूजेनंतर क्लबातल्या अकराच्या अकरा बंदुकांमधले तांदूळ चिमट्यानं वेचून काढण्याचं काम माझ्याकडे दिलं होतं, आणि कंसात कारणही होतं: या विषयाचा अनुभव असलेला क्लबातला एकमेव सभासद.