पोकरचं बोलावनं

मंडळी, आपल्या याच साइटवर तो पत्त्याचा पोकर आला ना, त्याची करामत आज पाह्यली.

कामरगावात आमच्या काकाचा दहावा होता. नदीवर पिंड ठेवला, पन कावळा काई शिवेना. सारे म्हने, काकाचा जीव पोरात अडकला. मंग त्यायच्या पोरानं, सुन्यानं, हात जोडले. "बाबा, आजपासून पोकर बंद." लगेच कावळा शिवला. भोळा बिचारा काका!

घरी आलो तं काकूनं काकाचा फोन पुढं केला. त्यावर नवा मेसेज, संग सुन्याचा फोटो. काकूले वाचता येत नाही. "पोरानं बापाले काई लिवलं वाट्टे. वाच बरं."

नदीवरून येता येताच सुन्यानं फोनातल्या साऱ्यायले एकदमच पोकरचं बोलावनं धाडलं होतं, त्यात बापालेबी: "टेबलावर तुमची जागा रिकामी आहे. लवकर या."

काकू माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. सांगा, काय वाचू?