फीमाफीचा न लिहिलेला अर्ज

तक्रारदार माझी कन्या मनीषा, जी तक्रार करीत नाही. सामनेवाला मी, कचेरीसमोरचा अर्जलेखक. साक्षीदार पत्नी सुमन. आज हॉकी शिबिराला निघालेल्या मुली दारावरून गेल्या आणि मनीषाने पाठ फिरवली.

गेल्या वसंतात मी दोन शिबिरांची तुलना केली होती. एकात हिरवे टर्फ, उत्तम प्रशिक्षक, भारी शुल्क. दुसरे फुकट, खडकाळ मैदानावर.

"आबा, लोकांच्या पोरींना फीमाफीचे अर्ज लिहिता, माझाही लिहा ना!"

"मी अर्ज लिहितो, करीत नाही," मी बाणेदारपणे म्हणालो. तिला फुकटच्या शिबिरात घातले; तिथे शिकवणारेच कोणी नव्हते. चार दिवसांत तिने खेळ सोडला.

यंदा मी स्वतःच्या सहीचा अर्ज तिच्यापुढे ठेवला.

"आबा, आता माझं वय बसत नाही."

ज्या मुदतीची मी लोकांना रोज आठवण करून देतो, ती लेकीच्या बालपणालाही असते, हे माझ्या ध्यानी आले नाही. सबब कन्येस नम्र विनंती, की तिने एकदा माझ्यावर मनसोक्त रागवावे. उत्तर मिळावे.